वाटाण्याचा सिनेमा

मुलांनो, सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एक प्रश्न हमखास असतो. पहिला भारतीय मूकपट कोणता? उत्तर तुम्हाला पाठ असेल : दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३. झालं, एक गुण मिळाला! पण या राजाच्या आधी फाळक्यांनी कॅमेऱ्यासमोर कुणाला उभं केलं होतं, ते त्या पुस्तकात नसतं. या नटाला मुकुट नव्हता, दागिने नव्हते, संवाद नव्हते. महिनाभर तो जागचा हललासुद्धा नाही. म्हणजे हलला, पण इतका सावकाश, की बघणाऱ्याला कळू नये. तो होता वाटाणा! कुंडीत पेरलेला, आपल्या उसळीतला साधा वाटाणा.

या वाटाण्याची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. पण ती का सांगावीशी वाटते, ते आधी सांगतो.

मी पेठचा. नाशिकहून धरमपूरच्या रस्त्यानं निघालात, सावळघाट आणि कोटंबीचा घाट ओलांडलात, की आमचा तालुका येतो. पलीकडे गुजरात. पावसाळ्यात इथे असा धो धो पाऊस पडतो की शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू येत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी पायपीट. नागली, वरई, भात ही आमची पिकं. इथल्या शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. एकदा सहावीच्या वर्गात शोध आणि संशोधक यांच्या जोड्या लावत होतो. वाफेचं इंजिन आणि जेम्स वॅट, टेलिफोन आणि ग्रॅहम बेल, विमान आणि राइट बंधू. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, यात आपलं कुणीच कसं नाही?" मी तोंड उघडायच्या आत दुसरा म्हणाला, "आपल्याला नसंल जमत."

त्यानं ते रडवेलं होऊन म्हटलं नव्हतं, बरं का. 'आज बुधवार आहे' असं आपण म्हणतो ना, तितक्या सहज म्हटलं. आणि तेच मला टोचलं.

या प्रश्नाचं एक सोपं उत्तर काही लोक देतात. ते म्हणतात, आपल्या पूर्वजांकडे सगळंच होतं, विमानंसुद्धा होती! मला ते उत्तर आवडत नाही. त्यानं घटकाभर छाती फुगते, पण हाताला काम मिळत नाही. म्हणून मी पूर्वजांच्या फार मागे न जाता शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या काळात गेलो. त्या काळातली माणसं, त्यांची यंत्रं, त्यांची पत्रं, त्यांचे फोटो, सगळं शिल्लक आहे. १९०३ साली डिसेंबरच्या १७ तारखेला राइट बंधूंचं विमान अमेरिकेत उडालं. त्याच वर्षी आपल्याकडे बेळगावात काय चाललं होतं, ठाऊक आहे?

बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर बनवत होते.

हे लक्ष्मणराव मोठे गमतीदार गृहस्थ. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले, तर तिथे कळलं की आपल्याला काही रंग ओळखूच येत नाहीत. दुसरा कुणी असता तर गाव गाठलं असतं. यांनी रंग सोडले आणि रेषा धरल्या. यंत्रांची चित्रं काढायला रंग कुठे लागतात? ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांची रेखाटनं शिकवू लागले. पुढे ती नोकरीही सोडली, बेळगावला सायकलचं दुकान काढलं, कडबा कापायचं यंत्र केलं, आणि मग हा नांगर.

नांगर तर तयार झाला, पण घेणार कोण? शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमीन नासते. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली, असं सांगतात. दोन वर्षं! बेळगावातली जागाही पुढे सोडावी लागली. मग औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. निवडुंग आणि साप यांचंच तिथे राज्य. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, अशीही गोष्ट सांगतात. तोफांचे नांगर!

आता त्या शेतकऱ्यांना वेडं म्हणायचं का? वर्गातली मुलं हसली होती खरी. पण मला माझे आजोबा आठवले. त्यांच्याकडे लाकडी नांगर होता, फक्त टोकाला लोखंडी फाळ. लोखंडी नांगर घ्या असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, "तो दिंडोरी-निफाडच्या काळ्या रानात चालंल. आमच्या डोंगराला नाही." आणि ते बरोबर होतं! आमची शेतं उताराची. वर वीतभर माती, खाली मुरूम. खोल नांगरलं तर माती पहिल्याच पावसात वाहून खाली जाणार. बैल चणीनं लहान. एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जाताना नांगर खांद्यावर घेऊन चढायचं, तिथे जड नांगर काय कामाचा? देशावरच्या काळ्या जमिनीत मात्र हरळी आणि कुंदा यांची मुळं खोल गेलेली असतात. ती लाकडी नांगराला दाद देत नाहीत. तिथे लोखंडी नांगरानं खरोखर क्रांती केली. म्हणजे 'जमीन नासते' ही समजूत चुकीची, पण 'हे आमच्या रानात चालेल का?' ही शंका अगदी रास्त. त्या शंकेला उत्तर द्यायचं तर भाषण देऊन भागत नाही. शेतात नांगर चालवून दाखवावा लागतो.

हे 'दाखवणं' लक्षात ठेवा. त्या काळच्या आपल्या संशोधकांची खरी अडचण तिथेच होती. डोक्यात कल्पना होती, हातात कसब होतं. पण पैसे असणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला दाखवायचं कसं?

मुंबईचे शंकर आबाजी भिसे यांचंच बघा. १८६७ चा जन्म. चौदाव्या वर्षी त्यांनी घरी कोळशापासून गॅस तयार करायचं उपकरण केलं होतं. (हे घरी करून बघू नका!) पुढे साखर, पीठ असा दुकानातला माल आपोआप तोलून देणारं यंत्र त्यांनी सुचवलं आणि लंडनच्या एका स्पर्धेत बक्षीस मिळवलं. दादाभाई नौरोजींच्या पाठबळावर ते लंडनमध्ये राहून छपाईच्या यंत्रांच्या मागे लागले. तेव्हा छापखान्यात प्रत्येक अक्षराचा शिशाचा वेगळा खिळा असे. ते खिळे जुळवून पान तयार व्हायचं. हे खिळे झटपट ओतणारी यंत्रं मोठमोठ्या विलायती कंपन्यांकडे होती. भिशांनी त्यांच्याहून वेगवान यंत्र केलं, मिनिटाला १२०० खिळे ओतणारं. यंत्र चाललं, लोकांनी पाहिलं, पण भांडवल आटलं. १९०८ साली ते रिकाम्या हातांनी मायदेशी परतले. पुढे रतन टाटांनी मदत केली, भिसे परत गेले, अमेरिकेत स्थायिक झाले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांच्या नावावर कितीतरी पेटंट आहेत, पण तुमच्या-माझ्या जोड्या लावण्यात ते नाहीत. मला वाटतं, त्यांचं यंत्र कुठेच कमी पडलं नाही. ज्या बाजारात ते विकायचं तो बाजार आधीच दुसऱ्यांचा होता, एवढंच.

आणि आता आपला वाटाणा.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. आमच्या पेठहून हरसूलमार्गे त्र्यंबकला जाता येतं. म्हणजे हा माणूस आमच्या शेजारच्या डोंगरातला! हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची मान पहिल्यांदा वर झाली. "म्हणजे आपल्या त्रिंबकचा?" हो, आपल्या त्रिंबकचा. वडील संस्कृतचे विद्वान. मुलगा मात्र चित्रकला, फोटोग्राफी, जादूचे प्रयोग, छपाई असं काय काय शिकत गेला. १९११ साली ईस्टरच्या सुमारास मुंबईत त्यांनी पत्नी सरस्वतीबाई यांच्यासह येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांना तिथे राम आणि कृष्ण दिसत होते. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. हातात चालू धंदा नव्हता. पण नाद लागला तो लागला. मिळतील ते चित्रपट ते रोज जाऊन बघायचे, घरी येऊन त्यावर डोकं चालवायचे. जागरणानं आणि ताणानं डोळे अधू झाले, उपचार करून कसेबसे वाचले.

मग आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले. तिथे चित्रपट कसा करतात ते पाहिलं, एक विल्यमसन कॅमेरा घेतला, कोऱ्या फिल्मची आणि तिला भोकं पाडायच्या यंत्राची मागणी नोंदवली, आणि परत आले. सामान पोचल्यावर सोबतच्या आराखड्यावरून त्यांनी ते स्वतः जोडलं. आता फक्त पैसे हवे होते. पण सिनेमासाठी कर्ज मागायला गेलं की सावकार काय म्हणणार? "हलणारी चित्रं? ती साहेबाची विद्या! तुम्हाला कशी जमणार?" म्हणजे आमच्या वर्गातल्या त्या मुलासारखंच.

मग फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर रोवला, आणि महिनाभराहून जास्त काळ थांबून थांबून एकेक चित्र घेतलं. ती फिल्म नेहमीच्या वेगानं पडद्यावर टाकली. काय दिसलं असेल? माती फुगली, फुटली, कोंब वर आला, पानं उलगडली, वेल डोलत डोलत आधार शोधायला लागला! महिन्याचं काम डोळ्यांदेखत, घटकाभरात. या फिल्मचं नाव 'अंकुराची वाढ'. निवडक लोकांना त्यांनी ती दाखवली. त्यातल्या यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. 'राजा हरिश्चंद्र'चं घोडं पुढे सरकलं ते असं.

मला या गोष्टीतलं फाळक्यांचं डोकं फार आवडतं. त्यांच्याकडे नट नव्हते, कपडे नव्हते, वाडे नव्हते. वाटाणा फुकट होता. तो पगार मागत नव्हता, पळून जात नव्हता. आणि महत्त्वाचं म्हणजे डोळ्यांना कधीच दिसत नाही ते फक्त कॅमेराच दाखवू शकतो, हे त्यातून एका क्षणात पटत होतं. झाडांची अशी चित्रं जगात पहिल्यांदा फाळक्यांनीच काढली असं मात्र नाही. जर्मनीत फेफर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं आणि इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी ती आधी काढली होती. स्मिथ यांचा फुलं उमलण्याचा चित्रपट १९१० चा. म्हणून फाळक्यांचं महत्त्व कमी होतं का? मला नाही वाटत. दादरच्या घरात बसून, एका कॅमेऱ्यावर, स्वतः शिकून त्यांनी ते करून दाखवलं.

आता थोडं गणित करू या. कंटाळा करू नका, मजा आहे. फाळके रोज एकच चित्र घ्यायचे असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. आणि फिल्म मिनिटभराची झाली असंही लिहिलेलं असतं. मूकपटाच्या काळात साधारण सेकंदाला १६ चित्रं पडद्यावरून सरकायची. मग रोज एक याप्रमाणे ३० दिवसांची ३० चित्रं किती वेळ चालतील? दोन सेकंदसुद्धा नाहीत! मिनिटभरासाठी १६ गुणिले ६०, म्हणजे ९६० चित्रं हवीत. महिन्यात ती काढायची तर दिवसाला ३२. म्हणजे एक तर फिल्म अगदी छोटी असणार, नाही तर फाळके दिवसातून कितीतरी वेळा कॅमेऱ्याजवळ उठून जात असणार. पुस्तकात छापलेल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळतात का, ते असं बघायची सवय लावा. मास्तरांच्या सांगण्यावरही लावा!

गणितावरून आठवलं. 'राजा हरिश्चंद्र'ची फिल्म सुमारे ३७०० फूट होती. त्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं असतात. ती कशासाठी? यंत्रातले दाते त्या भोकांत अडकून फिल्म पुढे ओढतात. प्रत्येक चित्र क्षणभर थांबतं, मग सरकतं, पुन्हा थांबतं. भोक जरा चुकलं तर पडद्यावर राजा थरथरायला लागेल. कोरी फिल्म यायची ती भोकांविना. भोकं पाडायचं यंत्र हातानं चालवायचं, आणि तेही अंधारात, कारण फिल्मला उजेड लागला की ती वाया गेली. आता गुणाकार करा : ३७०० गुणिले १६ गुणिले ८. चार लाख ७३ हजार ६०० भोकं! आणि ही फक्त एका प्रतीची.

हे काम कुणी केलं? सरस्वतीबाईंनी. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, चित्रीकरण चालू असताना उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडायचा, फिल्म धुवायला मदत करायची, आणि रात्री सगळे झोपले की अंधारात बसून भोकं पाडायची. दागिने कर्जापायी आधीच गेले होते. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम करायला एकही बाई मिळाली नाही, शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवलं. म्हणून लोक म्हणतात, त्या चित्रपटात एकही स्त्री नव्हती. पडद्यावर नव्हती, खरं आहे. पण ज्या भोकांवर तो पडदा हलला ती एका स्त्रीनं पाडलेली होती. माझ्या मते सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आणखी एका गुणाचा प्रश्न वाढवायला हरकत नाही.

पुढे या चित्रपटाची जाहिरात झाली ती अशी की यात ५७ हजार फोटो आहेत आणि फिल्म दोन मैल लांब आहे, तिकीट फक्त तीन आणे! ५७ हजार हे आपल्या हिशेबाशी छान जुळतं. दोन मैल मात्र नाही. एका मैलात ५२८० फूट असतात, तेव्हा उरलेला मैल-सव्वा मैल जाहिरातवाल्यानं स्वतःच्या पदरचा घातला असणार.

चित्रपट चालला. फाळके १९१३ सालीच नाशिकला येऊन राहिले आणि पुढचे चित्रपट नाशिकात झाले. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकलाच गेले, तेव्हा जवळ पैसा फारसा उरला नव्हता.

त्याच सुमारास कलकत्त्याला आणखी एक जण रोपट्यांपुढे बसून होते, जगदीशचंद्र बोस. झाडाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवणारं यंत्र त्यांनी घडवलं. फाळक्यांनी वेळ आक्रसून वाढ दाखवली, बोसांनी अंतर ताणून. दोघांची कधी गाठ पडली असती तर काय बोलले असते, असं माझ्या मनात येतं.

हे सगळं वर्गात सांगून झालं. मुलं खूश. पण मला वाटलं, आपणही नुसतं सांगितलंच की! दाखवलं कुठे? मग आम्ही आमचा सिनेमा काढायचं ठरवलं. मोबाइलवर हल्ली असे चित्रपट आपोआप निघतात, आणि माझ्याकडे मोबाइल होता. पण तो माझा होता, त्यांचा नव्हता. शिवाय फोटो काढताना आपण बघतोच असं नाही, चित्र काढताना बघावंच लागतं. म्हणून प्रत्येकानं एक डबा, त्यात माती, आणि वालाचे दोन दाणे. वाल आमच्याकडे घरोघर, आणि तोही वाटाण्यासारखा वेल. शंभर पानी वही घ्यायची, पानाच्या उजव्या कोपऱ्यात रोज एकच चित्र काढायचं, डबा रोज त्याच जागी. पानं भरली की अंगठ्यानं फर्रकन सोडायची. झाला सिनेमा.

नोव्हेंबर महिना होता. आमच्या भागात भात-नागली निघाली की पुष्कळ कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात. मुलंही आईबापांबरोबर जातात, आणि वर्गातले बाक रिकामे होतात. या वर्षीही तसंच झालं. बाराव्या दिवशी सहावीतली एक मुलगी निघाली. काही न बोलता तिनं खिडकीतला डबा उचलला, वही पिशवीत घातली आणि गेली. मी मनात म्हटलं, डबा टेम्पोतच लवंडणार.

शिमग्याला माणसं गावी परततात. ती आली तेव्हा वहीत ५८ चित्रं होती. त्यानंतर वेल शेळीनं खाल्ला, असं तिनं शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं. आम्ही वही फर्रकन सोडली. पहिली बारा पानं सगळ्यांसारखीच : कोंब, दोन पानं, वेल उजवीकडे कललेला, कारण वर्गाची खिडकी उजवीकडे. तेराव्या पानापासून वेल हळूहळू डावीकडे वळला. म्हणजे बागेवरच्या खोपीत उजेड दुसऱ्या बाजूनं येत होता. पण आणखी एक गोष्ट होती. तेराव्या पानापासून सगळी पानं खाली मान घातल्यासारखी! एक मुलगा म्हणाला, "पाणी नाही घातलं, सुकला." दुसरी म्हणाली, "सुकला तर वाढला कसा?" खरंच, वेल तर दर पानावर उंच होत होता.

मी काही बोललो नाही. त्या मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, "तिकडं दिसा वेळ नसायचा. मी रोज सांजचं काढायची, दिवा लागल्यावर."

मग आम्ही पुन्हा वाल पेरला, आणि एकाच झाडाचं सकाळी एक आणि सांजचं एक अशी चित्रं काढली. वसतिगृहातली मुलं दिवेलागणीनंतर बॅटरी घेऊन यायची. सकाळी पानं आडवी पसरलेली, संध्याकाळी खाली लोंबलेली, दुसऱ्या सकाळी पुन्हा वर! पानाच्या देठाशी एक फुगीर गाठ असते. तिच्यातल्या पेशींत पाणी इकडचं तिकडे होतं आणि पान वर-खाली होतं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण आमच्या वर्गाला ते कळलं ते त्या मुलीला दिवसा सवड नव्हती म्हणून.

आता प्रश्न आला तो तिच्याकडूनच. "सर, ऊन आलं की झाडाला कळतं, म्हणून ते उठतं. पण ऊन आलंच नाही तर?"

याचं उत्तर मी दिलं नाही. आम्ही शाळेतला पुठ्ठ्याचा मोठा खोका घेतला, फटींना काळा कागद चिकटवला, आणि संध्याकाळी वालाच्या डब्यावर पालथा घातला. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेराँ नावाच्या एका गृहस्थांनी लाजाळूसारखं झाड कपाटात कोंडून असंच पाहिलं होतं. ते नाव मी मुलांना नंतर सांगितलं, आधी नाही.

सकाळी दहा वाजता सगळा वर्ग खोक्याभोवती. तिनंच खोका उचलला. आत मिट्ट काळोख होता, रात्रभर आणि सकाळभर. पानं पसरलेली होती.

करून बघणार असाल तर खोक्याच्या तळाशी माती लावून घ्या, तिथूनच उजेड शिरतो. खोका एकदाच उचलायचा आणि उचलल्या उचलल्या चित्र काढायचं. वाल नसेल तर घेवडा चालेल. वाटाणासुद्धा पेरून बघा.